घरच्या बेटातला बांबू बागेसाठी: तोडायचा कधी, वाळवायचा कसा?

वेलांटी

बागेच्या कडेला बांबूचं बेट आहे. आता इतकं दाटलंय की आत हात घालायला जागा नाही. विरळणी करायचीच आहे, तर निघालेल्या काठ्या वाया घालवायच्या नाहीत. डोक्यात ३ कामं आहेत: घेवडा आणि काकडीच्या वेलांना मांडव, टोमॅटोला आधार, आणि भाजीच्या वाफ्यांभोवती बुटकं कुंपण.

हिरवा बांबू तोडून तसाच वापरला तर आक्रसतो, तडकतो आणि पुढे त्यातून पिठी गळायला लागते, एवढं माहीत आहे. पण वाळवायचा कसा यावर जितकी तोंडं तितकी मतं. कुणी म्हणतं कडक उन्हात टाक, कुणी म्हणतं पाण्यात बुडव, कुणी म्हणतं टाकणखाराशिवाय (बोरॅक्स) बांबूला हात लावू नकोस. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा. जाड काठ्या मनगटाएवढ्या आहेत, बारीक अंगठ्याएवढ्या.

जुनाकोयता

वेलांटीताई, वाळवण्याकडे वळण्याआधी तोडण्याचं बोलू, कारण निम्मं काम तिथेच जमतं किंवा बिघडतं.

बांबू आंब्या-फणसासारखा वर्षागणिक जाड होत नाही. कोंब जमिनीतून डोकं वर काढतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते, आणि उंचीसुद्धा २ ते ४ महिन्यांत पुरी होते. त्यामुळे पहिल्या वर्षाची आणि चौथ्या वर्षाची काठी लांबून सारखीच दिसते. फरक आत असतो. कोवळ्या काठीची भिंत नुसती पाण्याने फुगलेली असते. ती वाळवली की आत बसते, पेरांवर सुरकुत्या पडतात आणि मग तिच्यावर वजन टाकायची सोय राहत नाही. भिंत खरी कडक व्हायला ३ वर्षं तरी जातात. मांडवाच्या खांबांना ३ ते ५ वर्षांचीच काठी घ्या. टोमॅटोच्या आधाराला २ वर्षांची चालेल.

वय ओळखायचं कसं? कोवळी काठी चकचकीत हिरवी असते, गाठीखाली पांढरी भुकटी असते (बोट फिरवलं की निघते) आणि बुडाशी कोंबाचं सुकलेलं आवरण अजून चिकटलेलं असतं. जून काठीचा हिरवा रंग मातकट झालेला असतो, अंगावर दगडफुलाचे पांढुरके डाग येतात. कोयत्याच्या पाठीने ठोकून पाहा, जून काठी खणखणीत वाजते, कोवळी बद्द. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे दरवर्षी नव्या काठ्यांवर ऑइलपेंटने वर्षाचा आकडा टाकून ठेवणे. या वर्षीपासून सुरू करा, पुढे अंदाज बांधायची गरज राहणार नाही.

काप जमिनीच्या वरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या अगदी डोक्यावर घ्या. गाठीच्या वर चार बोटं पेर शिल्लक ठेवलं की त्याचा पेला होतो, पाणी साचतं, खाली कंद कुजतो आणि डासांची सोय होते. आणि जून काठ्या नेमक्या बेटाच्या पोटात असतात, नव्या बाहेरच्या अंगाला. बाहेरून हाताला लागेल ते तोडत सुटलं की बेट म्हातारं होत जातं. एका बाजूने आत शिरायला वाट करा आणि आतून काढा.

शंकेखोर

आणि हंगाम? अमावास्येला तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही म्हणतात ते खरं का?

जुनाकोयता

हंगाम महत्त्वाचा. पावसाळा उलटून कोरडे-थंड दिवस लागले की तोडायचं. कोंब फुटायच्या तोंडावर काठ्यांमध्ये पिष्ट ठासून भरलेलं असतं, कारण नव्या कोंबांना तीच शिदोरी. किडा येतो तो या पिष्टासाठी. शिवाय कोंब वर येत असताना बेटात शिरलं की चार काठ्यांच्या नादात दहा कोंब पायाखाली मोडतात.

चंद्राचं म्हणाल तर मानणारे जगभर आहेत. मी त्यावर वाद घालत नाही. हंगाम आणि वय चुकलं असेल तर अमावास्या ते सावरून घेणार नाही एवढंच सांगतो.

रंधा

कोयतेकाकांना +१. आता वाळवण्याचं.

लाकूड आणि बांबू यांत एक फरक लक्षात घ्या, बाकीचं आपोआप कळेल. बांबूची वरची कातडी मेणचट असते आणि तिच्यात सिलिका असते. तिच्यातून पाणी जवळजवळ बाहेर पडत नाही. ते पडतं कापलेल्या टोकांतून आणि थोडंफार आतल्या पोकळीच्या बाजूने. त्यात लाकूड बरंच वाळल्यावर आक्रसायला लागतं, बांबू मात्र पहिल्या दिवसापासून आक्रसतो. कडक उन्हात टाकलं की एक अंग भराभर वाळतं, दुसरं ओलं राहतं, आणि काठी उभी चिरते. रात्री शांततेत टाककन आवाज येतो तो हाच. जाड भिंतीची काठी आधी चिरते.

म्हणून सावली, वारा आणि सबुरी. पद्धत अशी:

तोडल्यावर फांद्या-पानं लगेच साफ करू नका. काठी बेटातच इतर काठ्यांना टेकवून उभी ठेवा, बुडाखाली दगड किंवा फळी द्या म्हणजे मातीतून ओल चढणार नाही. पानं जिवंत असेपर्यंत पाणी ओढत राहतात आणि काठीतली थोडी साखरही खर्ची पडते. २ ते ४ आठवड्यांत पानं करकरीत सुकून गळतात. मग आडवी करा आणि फांद्या खोडाला लागून करवतीने कापा. ओरबाडून काढू नका, कारण ओरबाडलेली जागा म्हणजे किड्याला उघडं दार.

त्यानंतर छपराखाली, भिंतीला किंवा आडव्या दांडीला टेकवून उभ्या ठेवा. उभ्या काठ्या साधारण ६ ते १२ आठवड्यांत वाळतात, आडव्या रचल्या तर जवळपास दुप्पट वेळ लागतो. आडव्या रचायच्याच असतील तर प्रत्येक थरामध्ये आडव्या पट्ट्या घाला आणि दर आठवड्याला काठ्या अर्ध्या वळवा. पायथा जमिनीपासून वीतभर उंच हवा. उभ्या काठ्या मध्ये वाकणार नाहीत असा टेका द्या, नाहीतर कमानीसारख्या वाळतात आणि तशाच राहतात.

वाळली हे कसं ओळखायचं? रंग हिरव्यावरून गवती पिवळा होतो, पण त्यावर विसंबू नका. ढिगातली एक काठी खूण करून ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की झालं.

हे झालं वाळवणं. पण वाळवलेल्या बांबूलाही कीड लागते, म्हणून टाकणखार आणि बोरिक पावडरचा उपचार कराच. १०० लिटर पाण्याला ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक पावडर, म्हणजे ५ टक्क्यांचं द्रावण. लांब सळई घालून गाठींच्या आतले सगळे पडदे फोडा आणि काठ्या १ ते २ आठवडे पूर्ण बुडवून ठेवा. फक्त हे हिरव्या, ओल्या काठीला करायचं, वाळल्यावर नाही. क्षार भिंतीतल्या पाण्यातूनच आत पसरतात. म्हणजे टाकणखार करायचं ठरलं तर पानांसकट उभं ठेवण्याचा टप्पा गाळा, तोडल्या तोडल्या टाकीत घाला, आणि सावलीतलं वाळवणं त्यानंतर.

हिरवंगार

रंधादादा, वाळवण्याचा भाग सही. शेवटच्या परिच्छेदावर मात्र माझा आक्षेप आहे, निदान या धाग्यापुरता.

वेलांटीताईंना मांडव बागेत घालायचाय, पडवीत नाही. टाकणखार-बोरिक पाण्यात विरघळतात आणि लाकडाला घट्ट धरून बसत नाहीत. छपराखाली ते उत्तम आहेत, वर्षानुवर्षं टिकतात. उघड्यावर प्रत्येक पावसात थोडे थोडे धुऊन जातात, आणि जमिनीत रोवलेल्या टोकातून तर आधी जातात. म्हणजे जिथे कुजण्याचा धोका सर्वांत जास्त तिथेच उपचार सर्वांत आधी संपतो.

धुतलेलं जातं कुठे? वाफ्यात. बोरॉन झाडांना लागतं, पण अगदी चिमूटभर. त्या चिमटीच्या वर गेलं की तेच विष. आणि घेवडा त्या बाबतीत सगळ्यात नाजूक भाज्यांपैकी एक! टोमॅटो बरंच सोसतो, घेवडा नाही. जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग जळल्यासारख्या तपकिरी होतात. आपण समजतो पाणी कमी पडतंय आणि आणखी पाणी घालत बसतो.

रंधा

मुद्दा मान्य, पण एका काठीतून किती उतरणार? मातीचा पसारा मोठा असतो. आणि उपचार नाही केला तर पोरकिडा (पिठी पाडणारा तो किडा) सगळं पोखरतो, मग मांडव कुठला न् काय.

हिरवंगार

मोकळ्या जमिनीत चार खांब असतील तर तुमचं बरोबर, फारसं बिघडणार नाही. पण बुटकं कुंपण म्हणजे वाफ्याच्या कडेने खेटून रोवलेल्या डझनावारी काठ्या, आणि वाफा उंच, बंदिस्त असेल तर माती मोजकीच. तिथे मी करणार नाही. कुंड्यांमध्ये तर अजिबात नाही. आणि टाकीत उरलेलं द्रावण बागेत ओतायची चूक कुणी करू नये, आळ्यातही नाही आणि तळ्यातही नाही. ते पुढच्या खेपेला वापरायचं.

दुसरं, शत्रू एक नाही, तीन आहेत आणि तिघांची तऱ्हा वेगळी. पोरकिडा पिष्टासाठी येतो आणि कोरड्या काठीत राहतो. वाळवीला पिष्टाशी देणंघेणं नाही, ती खुद्द काष्ठच खाते आणि मातीतून येते. बुरशीने कुजणं हे ओलीचं काम. बागेत उभ्या खांबाचा घात बहुतेक वेळा शेवटचे दोघे करतात, तेही जमिनीलगतच्या वीतभर भागात. विनाउपचार बांबू मातीत रोवला तर १ ते ३ वर्षं टिकतो. तोच मातीला न टेकवता छपराखाली ठेवला तर ४ ते ७. टाकीतल्या रसायनापेक्षा पाय मातीतून वर उचलण्यात जास्त फायदा आहे.

तांबं-क्रोम-आर्सेनिकवाली रसायनं धुऊन जात नाहीत म्हणून कुणीतरी सुचवेलच. भाजीच्या वाफ्याजवळ आर्सेनिक नको, विषय संपला.

वेलांटी

बापरे, घेवड्याचं हे माहीतच नव्हतं. मग पोरकिड्यासाठी पाण्यात बुडवणं पुरेल का? जवळ जुना सिमेंटचा हौद आहे.

जुनाकोयता

पुरेल, बऱ्यापैकी. पाण्यात ठेवल्याने साखर आणि पिष्ट झिरपून निघतं, त्यामुळे किड्याला खायला उरत नाही. वाळवी आणि कुजण्याला त्याचा उपयोग नाही, हे हिरवंगारने वर सांगितलंच. ४ ते १२ आठवडे लागतात. वाहतं पाणी असेल तर छान. हौदात करायचं तर पाणी बदलत राहा, नाहीतर काळे डाग पडतात. आणि वास! शेजाऱ्यांशी संबंध चांगले असतील तरच हौदात करा.

काठ्या तरंगतात, त्यामुळे वर दगड ठेवावे लागतील. पडदे फोडलेत तर पाणी आत भरतं आणि तरंगणं कमी होतं. बाहेर काढल्यावर परत तेच: सावली, वारा, उभं ठेवणं. भिजवलेली काठी घाईने उन्हात टाकली की चिरलीच समजा.

बारीक काठ्यांसाठी हा खटाटोप करू नका. टोमॅटोच्या काठ्या दोन हंगाम टिकल्या की काम झालं, बेट दरवर्षी नव्या देतंच आहे.

पानगळ

टोमॅटोवरून आठवलं. झुपक्याने वाढणाऱ्या काही जातींची हिरवी काठी गाठीवरच्या डोळ्यांसकट ओल्या मातीत रोवली तर तिला मुळं फुटतात. आधाराची काठी टोमॅटोच्या पुढे निघून जाते :) म्हणून बारीक काठ्यासुद्धा पूर्ण वाळवूनच रोवा, नाहीतर वाफ्यात दुसरं बेट.

आगीवर शेकण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. मी कुंपणाच्या काठ्यांना तेच करते. गॅसची मशाल काठीवरून सतत फिरवत राहायची, एका जागी थांबायचं नाही. थोड्या वेळात हिरव्या कातडीवर घाम फुटल्यासारखे बारीक चकचकीत थेंब येतात. ते मेण आणि राळ. गरम असतानाच जाड सुती फडक्याने ओढून पुसायचं. पुसलेल्या जागी हिरवा जाऊन भुरका-सोनेरी रंग येतो. कातडी टणक होते, आणि वाकडी काठी गरम असतानाच सरळही करता येते.

पण त्याआधी प्रत्येक पेराला, गाठीच्या जवळ, बारीक भोक पाडलंच पाहिजे किंवा पडदे फोडलेले पाहिजेत. बंद पेरात हवा आणि वाफ कोंडते आणि पेर फुटतं. डोळ्यांना चष्मा लावा. भोकं खांबाच्या खालच्या अंगाला येतील अशी ठेवा म्हणजे पावसाचं पाणी आत शिरणार नाही.

शंकेखोर

शेकल्यावर जवसाचं तेल लावू का?

पानगळ

लावा, पण कातडी तेल फारसं पीत नाही. टोकं, गाठी आणि फांद्या कापलेल्या जागा मात्र घटाघट पितात, तिथे दोन-तीन हात द्या. चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा, मगच टाका.

रंधा

बरं, बागेतल्या वाफ्यांपुरता मी टाकणखाराचा हट्ट सोडला. मांडवाचे वरचे आडवे दांडे मातीपासून लांब असतात, तिथे सुद्धा नको म्हणाल तर पाण्यात भिजवलेले घ्या.

पायांचं मात्र नीट करा. माझी पद्धत: लोखंडी सळईचा एक हात जमिनीत, एक हात वर. बांबूचे खालचे १-२ पडदे फोडून तो सळईवर टोपीसारखा बसवायचा आणि बूड एका सपाट दगडावर टेकवायचं. बूड मातीपासून चार बोटं वर राहतं, पाऊस निथळून जातो, आणि खांब बदलायचा झाला तर उचलून काढता येतो. खांब सरळ काँक्रीटमध्ये गाडू नका. बांबू आक्रसला की भोवती फट पडते, त्यात पाणी उतरतं आणि तिथेच साचून राहतं.

वरचं टोक गाठीच्या लगेच वर कापा. तिथे पडदा शाबूत हवा, त्यामुळे सळईने फोडताना तेवढा एक सोडून द्या. उघडं पेर आकाशाकडे तोंड करून ठेवलं की ते प्रत्येक पावसात भरतं.

वेलांटी

थोडं काम झालं, म्हणून परत लिहितेय. जून काठ्या निवडून तोडल्या, पानं गळेपर्यंत बेटातच उभ्या ठेवल्या. बारीक काठ्या आणि कुंपणाच्या काठ्या पडवीत वाळताहेत, जाड हौदात आहेत (वास: होय). आता पडवीतल्या काठ्यांवर करडी-काळी बुरशी दिसतेय, मुख्यतः गाठींपाशी. हवा दमट आहे. टाकून द्याव्या लागतील का?

पानगळ

मुळीच नाही. ही वरवरची बुरशी, कातडीवरच्या साखरेवर जगते, ताकदीला धक्का लावत नाही. कोरड्या ब्रशने घासा, व्हिनेगरच्या फडक्याने पुसा आणि काठ्यांमध्ये अंतर वाढवा. तुमच्या पडवीत वारा कमी पडतोय, एवढाच त्याचा अर्थ. नखाने दाबून भिंत मऊ लागली, दोरे सुटायला लागले, तर मात्र ते कुजणं आहे. ती काठी बाजूला काढा.

याच फेरीत टोकंही बघून घ्या. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी पिवळसर पिठी दिसली तर पोरकिडा आलाय. तो कातडी फोडून शिरत नाही, कापलेल्या टोकातून किंवा गाठीवरच्या जखमेतून जातो. काठी झटकून खाली कागद ठेवा. दुसऱ्या दिवशी कागदावर ताजी पिठी असेल तर किडा आत जिवंत आहे. अशी काठी ढिगातून लगेच हलवा.

वेलांटी

टोकं तपासली, भोकं नाहीत. पण दोन काठ्यांना उभी चीर गेलीय, बोटाचं नख शिरेल एवढी.

रंधा

अख्ख्या काठीला आरपार नसेल तर वापरा. चिरेच्या दोन्ही बाजूंना गाठीजवळ तार किंवा पाइपचा क्लॅम्प आवळा आणि बसवताना चीर खाली येईल असं फिरवा. खांबाला नको, आडव्या दांड्याला चालेल.

आणि मांडव बांधायची घाई करू नका. अर्धवट वाळलेल्या काठ्या काथ्याने कितीही करकचून बांधा, नंतर त्या आक्रसतात आणि बांध सैल पडतो. पूर्ण वाळल्यावर बांधा. खिळा कधीच नाही, स्क्रू मारायचा तर आधी ड्रिलने भोक, तेही गाठीजवळ.

शंकेखोर

अवांतर: उरलेले तुकडे कंपोस्टमध्ये?

हिरवंगार

टाकणखार न लावलेले बारीक चिरून टाका, कुजायला बराच वेळ घेतात. टाकणखार लावलेले कंपोस्टमध्ये नकोत. मनगटाएवढ्या काठीचे तुकडे मी गाठीखाली कापून कीटकांच्या घरट्यांसाठी ठेवते, एक बाजू बंद, एक उघडी. बारीक काठ्यांच्या नळ्यांमध्ये एकांड्या मधमाश्या येतात. नळीचं तोंड मात्र गुळगुळीत घासून घ्या, कुसळं राहिली तर त्या आत जात नाहीत.